विद्यार्थिदशेतील भरती-ओहोटी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी आम्हांस दोन शब्द बोलण्यास पाचारण केलेत, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. विषयाची निवड कार्यवाहांनी आमच्यावरच सोपविली होती. मात्र श्रोत्यांत यंदा प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढणारी मुले असतील आणि त्यांचे आईवडीलही असतील, एवढी सूचना त्यांनी देऊन ठेवली होती. तेव्हा दोघांच्याही जिव्हाळ्याचा असा एकच विषय आम्हांस सुचला, आणि तो म्हणजे विद्यार्थिदशा. ही दशा सुखाची असते, असे ती ओलांडून गेलेले लोक सांगतात. जे तिच्यात असतात त्यांना मात्र तसे नेहमीच वाटत नाही. आज या दोन्ही बाजूंचा थोडा विचार करू.

एक खुलासा प्रारंभीच करतो. या भाषणात 'आम्ही' हा शब्द येईल तेव्हा ते केवळ एका वक्त्याचे बोलणे समजू नये. १९७० नंतरच्या दशकात शिक्षणासाठी कलकत्त्यास आलेल्या, आणि पुढे नोकरी-संसाराच्या निमित्ताने येथेच रुजलेल्या, काही मराठी विद्यार्थ्यांच्या वतीने आम्ही येथे उभे आहोत. त्यांतील काही आज या सभागृहात आहेत, काही नाहीत.

बाबूघाटावर ज्यांनी एखादी संध्याकाळ काढली आहे, त्यांना भरती-ओहोटी समजावून सांगावी लागत नाही. समुद्र येथून कितीतरी कोस दूर. पण दिवसातून दोन वेळा हुगळीचे पाणी चढते आणि दोन वेळा उतरते. उतरत्या पाण्यात घाटाच्या शेवाळलेल्या पायऱ्या आणि चिखल उघडा पडतो. प्रथमच पाहणाऱ्याला वाटावे, नदी आटत चालली! काठावरचा नावाडी मात्र निर्धास्त विडी ओढीत बसलेला असतो, कारण पाणी परत कधी चढायचे हे त्याला ठाऊक असते. विद्यार्थ्याला नेमके हेच ठाऊक नसते. त्याच्या आयुष्यातील ती पहिलीच ओहोटी असते. अशा वेळी त्याच्याजवळ असा एखादा नावाडी बसलेला असावा, एवढेच आजच्या भाषणाचे सार आहे. बाकी सर्व त्याचा विस्तार.

आपल्या देशातील आधुनिक विद्यापीठांचा इतिहासच मुळी अपयशाने सुरू होतो, असे म्हटले तर ती फारशी अतिशयोक्ती होणार नाही. कलकत्ता विद्यापीठ २४ जानेवारी १८५७ रोजी स्थापन झाले. मुंबई आणि मद्रास ही त्याच वर्षी त्याच्या मागोमाग आली. कलकत्त्याची बी.ए.ची पहिली परीक्षा १८५८ साली झाली, आणि सर्व विषयांत निखळ उत्तीर्ण असा एकही विद्यार्थी त्या परीक्षेतून निघाला नाही. अखेरीस दोघांना एका विषयात थोडे वाढीव गुण देऊन पदवी बहाल करण्यात आली. त्या दोघांपैकी एक होते जदुनाथ बसू आणि दुसरे बंकिमचंद्र चट्टोपाध्याय. ज्या लेखणीतून पुढे 'आनंदमठ' उतरला, त्या लेखणीलाही विद्यार्थिदशेत कृपागुणांचा टेकू लागला होता, ही गोष्ट निकालाच्या दिवशी प्रत्येक घरात एकदा तरी आठवली जावी.

मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर १८६२ साली बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर ही नावे त्यांत होती. रानड्यांची बुद्धी सर्वमान्य. परंतु एका निबंधात मराठी राज्याशी तुलना करताना त्यांनी इंग्रजी राज्याला कमी लेखले, म्हणून त्यांची शिष्यवृत्ती काही महिने थांबविण्यात आली. अभ्यासात कसूर नव्हती, वर्तनात दोष नव्हता, तरीही हा घाव बसला. याच भांडारकरांचे चिरंजीव देवदत्त रामकृष्ण पुढे १९१७ पासून १९३६ पर्यंत कलकत्ता विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहासाचे कारमायकेल प्राध्यापक होते. म्हणजे या शहरातील विद्यापीठाशी मराठी माणसाचे नाते केवळ शिकण्याचे नाही, शिकविण्याचेही आहे, याचा आपणांस अभिमान असावा.

याहूनही विलक्षण कथा महर्षी कर्व्यांची. कोकणातील मुरुडहून साताऱ्यापर्यंत, सह्याद्रीचा घाट चढून, शंभराहून अधिक मैल ते पायी चालत गेले. कशासाठी, तर एका परीक्षेस बसण्यासाठी. तेथे पोचल्यावर वय लहान दिसते एवढ्याच कारणावरून त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. आल्या पावली परत! ज्या मुलाला परीक्षेच्या दालनातून बाहेर पाठविले, त्यानेच १९१६ साली स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठ उभे केले. परंतु ही कथा सांगताना आपण नेहमी शेवटावरच भर देतो. घाट उतरून घरी परतताना त्या कोवळ्या मुलाच्या मनाची काय अवस्था झाली असेल, इकडे आपले लक्ष जात नाही. त्या वेळी त्याला 'महर्षी' कोणी म्हणत नव्हते. तो केवळ एक नाकारला गेलेला विद्यार्थी होता.

आता याच शहरात येऊ. कॉलेज स्ट्रीटवरून जाताना प्रेसिडेन्सीची इमारत दिसते. तेथील वर्गात १९१० नंतरच्या काळात ढाक्याकडच्या एका खेड्यातील लहान दुकानदाराचा मुलगा शिकत होता. ईडन हिंदू होस्टेलमध्ये त्याची राहण्याची सोय झाली. पण जातीच्या कारणावरून काही सहनिवासी विद्यार्थ्यांनी त्याच्या पंक्तीस बसून जेवण्याचे नाकारले. पुढे तो ते वसतिगृह सोडून बाहेर मेसमध्ये राहू लागला, आणि शिकवण्या करून दिवस काढू लागला. १९१५ च्या एम.एस्सी. परीक्षेत सत्येंद्रनाथ बोस पहिले आले आणि हा मुलगा दुसरा. त्याचे नाव मेघनाद साहा. १९२० साली त्याने मांडलेल्या समीकरणामुळे ताऱ्यांच्या प्रकाशावरून त्यांच्या तापमानाचा वेध घेणे शक्य झाले. ताऱ्यांची उष्णता मोजणाऱ्या त्या बुद्धिमंताला एका जेवणघरातला गारठा सोसावा लागला होता. विद्यार्थ्याची ओहोटी प्रत्येक वेळी परीक्षेच्या कागदातूनच येते असे नाही; पुष्कळदा ती शेजारच्या ताटावरून येते.

त्याच महाविद्यालयातील दुसरा प्रसंग १९१६ चा. ओटन नावाच्या इंग्रज प्राध्यापकाला मारहाण झाल्याचे प्रकरण घडले आणि सुभाषचंद्र बोस यांना महाविद्यालयातून काढून टाकण्यात आले. घर सुखवस्तू, मुलगा हुशार, आणि अचानक पुढचा रस्ता बंद! पुन्हा शिकण्याची परवानगी मिळेपर्यंत वर्षाहून अधिक काळ गेला. १९१७ साली त्यांना स्कॉटिश चर्च कॉलेजात प्रवेश मिळाला, आणि १९१९ साली ते तत्त्वज्ञान विषय घेऊन प्रथम वर्गात पदवीधर झाले. या मधल्या काळात घरच्यांनी त्यांना टाकून दिले नाही, ही गोष्ट चरित्रकारांच्या एका ओळीत संपते. परंतु आमच्या मते सर्व कथेचा कणा तोच आहे.

मराठी स्त्रीच्या विद्यार्थिदशेचा विचार करताना तर आपणांस या नदीच्या काठीच यावे लागते. गोपाळराव जोशी यांची टपालखात्यातील नोकरी श्रीरामपुरास होती. तेथील महाविद्यालयाच्या सभागृहात १८८३ च्या फेब्रुवारीत आनंदीबाई उभ्या राहिल्या, आणि आपण अमेरिकेस वैद्यक शिकण्यास का जात आहोत हे त्यांनी इंग्रजीतून सांगितले. वय अठरासुद्धा पूर्ण नव्हते. रस्त्याने चालताना लोक कसे जमतात, कसे हसतात, हेही त्यांनी त्या सभेत लपविले नाही. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून त्यांचे जहाज निघाले. आणि योगायोग असा की, १८८३ याच वर्षी कादंबिनी गांगुली व चंद्रमुखी बसू या कलकत्ता विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर ठरल्या. आनंदीबाई १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियास एम.डी. झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यास त्यांचे निधन झाले. भरती आणि ओहोटी यांच्यामध्ये एक वर्षाचेही अंतर पडले नाही. परदेशातील थंडी, परके अन्न आणि खंगत चाललेली प्रकृती यांच्याशी झुंजत त्यांनी पदवी घेतली. पण तेथे कार्पेंटर कुटुंबाने त्यांना लेकीसारखे सांभाळले होते, हेही विसरता कामा नये. परक्या गावात एक घर उघडे होते, म्हणून ती पदवी त्यांच्या हाती पडू शकली.

पुढच्या पिढीत वैद्यक शिकण्यासाठी मराठी तरुण कलकत्त्याकडे येऊ लागले. स्वदेशीच्या चळवळीनंतर येथे राष्ट्रीय शिक्षणाच्या ज्या संस्था उभ्या राहिल्या, त्यांत नॅशनल मेडिकल कॉलेज होते. नागपूरचे केशव बळीराम हेडगेवार १९१० साली येथे दाखल झाले. नारायण दामोदर सावरकर हेही याच महाविद्यालयाचे विद्यार्थी. त्यांच्या पुढील आयुष्यातील कार्याविषयी आज आपण बोलत नाही. केवळ विद्यार्थी म्हणून त्यांच्याकडे पाहतो आहोत. या महाविद्यालयाच्या पदवीस तत्कालीन सरकारची मान्यता नव्हती. रात्री जागून मिळविलेले ज्ञान तेच, हाताळलेले रोगी तेच, परंतु कागदाला मोल नाही! १९१६ साली वैद्यकीय पदव्यांविषयी कायदा आला आणि अशा संस्थांची वाट अधिकच बिकट झाली. घरापासून इतक्या दूर येऊन शिकलेल्या मुलाने वडीलधाऱ्यांना हे कसे सांगितले असेल? आजही एखाद्या अभ्यासक्रमाची मान्यता वादात सापडते आणि शेकडो मुलांची वर्षे टांगणीला लागतात. दुखणे जुनेच आहे.

आता थोडे आमच्या काळाविषयी. आम्ही आलो तेव्हा हे शहर एका मोठ्या वादळातून नुकतेच बाहेर पडत होते. १९६७ च्या नक्षलबाडीनंतर प्रेसिडेन्सी आणि यादवपूर येथील कित्येक हुशार मुले पुस्तके टाकून त्या वाटेने गेली. काही परत आली नाहीत. १९७० च्या ३० डिसेंबरला यादवपूर विद्यापीठाचे कुलगुरू गोपालचंद्र सेन यांची विद्यापीठाच्या आवारातच हत्या झाली. त्या दिवसांत परीक्षा वेळेवर होत नसत, झाल्या तर निकाल लागत नसत. आमच्या आधीच्या मुलांची एकेक, दोनदोन वर्षे अशीच गेली होती. आम्हांला मिळालेल्या मेसमधील खोलीच्या भिंतीवर जुन्या घोषणा चुन्याखालून अजून वाचता येत होत्या. येथे राहून गेलेला मुलगा आता कोठे असेल, असा विचार रात्री दिवा गेल्यावर मनात येई.

आणि दिवा तर रोजच जाई! लोडशेडिंग हा त्या काळच्या कलकत्त्याचा नित्यधर्म होता. परीक्षेच्या आदल्या रात्री कंदिलाभोवती चौघेजण एकाच पुस्तकावर वाकलेले असत. १९७८ च्या सप्टेंबरअखेर असा पाऊस झाला की शहर कित्येक दिवस पाण्यात होते. मेसचा ठाकूर कमरेइतक्या पाण्यातून डोक्यावर तांदळाचे पोते घेऊन आला, आणि त्या रात्रीच्या खिचडीची चव आम्हांपैकी कोणीही विसरलेले नाही.

जेवणाची कथा वेगळीच. मोहरीच्या तेलाचा वास प्रथम नाकात गेला तेव्हा, आता चार वर्षे उपास घडणार, असे वाटले होते. पुढे आलू-पोस्तो असेल त्या दिवशी आम्हीच ठाकुराला आणखी भात मागू लागलो. भाषेचेही तेच. वसंताचा 'बोशोंतो' झाला, विनायकाचा 'बिनायक' झाला. बंगाली आया मुलांना निजवताना ज्या बर्गींची भीती घालतात ते बर्गी म्हणजे आपलेच पूर्वज, हे सहाध्यायांनी आम्हांस पहिल्या आठवड्यातच ऐकविले. १७४२ पासून दहा वर्षे नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांनी या प्रांताला जो त्रास झाला, त्याची वसुली ते आमच्याकडून चहाच्या पैशांत करून घेत. मात्र त्याच मुलांनी आम्हांला सखाराम गणेश देउस्कर हे नाव सांगितले. मूळच्या मराठी घराण्यातील या माणसाने बंगालीत 'देशेर कथा' लिहिली आणि बंगालमध्ये शिवाजी-उत्सवाचा पुरस्कार केला, हे आम्हांला शाळेत कोणी शिकविले नव्हते.

भरतीचे दिवस कोणते म्हणाल, तर कॉलेज स्ट्रीटच्या फुटपाथवर हवे असलेले जुने पुस्तक अर्ध्या किमतीत सापडले तो दिवस. अल्बर्ट हॉलमधील कॉफी हाऊसमध्ये एका 'इन्फ्युजन'वर तीन तास वाद घातला तो दिवस. आणि अलीपूरच्या राष्ट्रीय ग्रंथालयात प्रथम पाऊल टाकले तो दिवस. १९५४ च्या कायद्यान्वये देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत तेथे पाठविणे प्रकाशकांवर बंधनकारक आहे. म्हणजे पुण्या-मुंबईत छापलेले मराठी पुस्तकही तेथे येते. बेल्व्हेडिअरच्या त्या विस्तीर्ण आवारात बसून आम्ही मराठी पुस्तके मागवीत असू, आणि चिठ्ठी घेऊन जाणारा शिपाई आमच्याकडे कुतूहलाने पाहत असे. घरापासून जवळजवळ दोन हजार किलोमीटर अंतरावर आपली भाषा कपाटात सुखरूप आहे, या एका गोष्टीने मनाला केवढा धीर येतो, हे दूर राहणाऱ्यांनाच कळेल.

आणि ओहोटीचे दिवस? ते बहुधा सणाला येत. गणेशचतुर्थीला येथे महाविद्यालयास सुट्टी नसते. प्रात्यक्षिकाच्या तासाला उभे असताना, घरी या वेळी आरती चालली असेल, हा विचार आला की परीक्षानळी हातात जड होई. संध्याकाळी मंडळाच्या गणपतीला जावे. तेथे कोणी काकू मोदकाची बशी हातात देऊन, "काय रे, वाळलास किती!" असे म्हणत. तेवढ्या एका वाक्यावर पुढचा महिना निघे. गीतांजली एक्सप्रेस १९७७ च्या अखेरीस सुरू झाली. त्यापूर्वी नागपूरमार्गे जाणाऱ्या मुंबई मेलचाच काय तो आधार. तिकिटाचे पैसे जमले नाहीत तर दिवाळीही मेसमध्येच. घरचे पत्र यायला आठवडा लागे, आणि मनिऑर्डरीला त्याहून अधिक.

आमच्यातील एका मित्राची हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. नाव सांगत नाही. त्याची त्यास संमती आहे, पण आवश्यकता नाही. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षी तो नापास झाला. प्रथम त्याने घरी पत्र लिहिणे सोडले, मग मंडळात येणे सोडले, आणि अखेर जेवणाच्या घंटेला खाली उतरणेही सोडले. आम्ही मित्रांनी आमच्या परीने समजूत घातली. परंतु विशीतील मुलांच्या समजुतीला वजन ते किती असणार? भवानीपूरला राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाच्या कानावर ही गोष्ट गेली. त्या घरातील काकांनी एका रविवारी आपल्या मुलाला मेसवर धाडले आणि निरोप दिला: "घरातला पंखा बिघडला आहे, अभियंता पाठवा." पंख्याला काहीही झालेले नव्हते. मित्र गेला, त्याने पंखा उघडला, पुन्हा बसवला, जेवला, आणि मग पुढचे चार महिने दर रविवारी त्या घरी जात राहिला. परीक्षेविषयी त्या घरात त्याला कोणी एक अक्षर विचारले नाही. एके दिवशी त्यानेच आपण होऊन सांगितले. काका एवढेच म्हणाले, "घरी कळवायला हवे. पत्र तू लिही, खाली चार ओळी मी लिहितो."

तो मित्र पुढे फार मोठा झाला, असे सांगितले असते तर कथा शोभून दिसली असती. तसे काही झाले नाही. पुढल्या वर्षी तो साधारण गुणांनी उत्तीर्ण झाला, हावड्यातील एका कारखान्यात नोकरीस लागला, संसार केला, मुलांना शिकविले आणि निवृत्त झाला. आम्हांस ही कथा बंकिमचंद्रांच्या कथेइतकीच मोलाची वाटते. नापास झालेला प्रत्येक मुलगा थोर होतो असे नाही, आणि थोर व्हावे म्हणून त्याला सावरायचे असते असेही नाही. तो आपला आहे, एवढे कारण पुरे आहे.

हे सर्व जुने झाले, आता काळ बदलला, असे कोणी म्हणेल. काळ निश्चितच बदलला. १ जानेवारी २००१ पासून कलकत्त्याचे अधिकृत नाव कोलकाता झाले; पत्रे गेली, मनिऑर्डरी गेल्या; आईला मुलाचा चेहरा रोज फोनवर दिसतो. परंतु चेहरा दिसला म्हणजे मन दिसले असे नव्हे. फोनवर दोन मिनिटे हसणे कोणालाही जमते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये याच शहरातील यादवपूर विद्यापीठाच्या वसतिगृहात नव्याने दाखल झालेल्या एका कोवळ्या विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. तेथे येऊन त्यास काही दिवसच झाले होते. रॅगिंगच्या आरोपावरून काही आजी-माजी विद्यार्थ्यांना अटक झाली. महाराष्ट्राने रॅगिंगविरुद्ध १९९९ साली कायदा केला, पश्चिम बंगालने २००० साली केला, विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली नियम केले. तरीही हे घडले. तो मुलगा याच राज्यातला होता, याच भाषेत वाढलेला होता. त्याच्याही वाट्याला येथे असे दिवस आले, तर ज्याला भाषाही येत नाही आणि गावही ठाऊक नाही, अशा मुलाची काळजी कोणी वाहावी?

ही काळजी वाहणे आपल्या मंडळाच्या हाती आहे. आज या महानगरात आणि आसपास मराठी विद्यार्थी येतात. कोणी जोक्याच्या व्यवस्थापन संस्थेत, कोणी बारानगरच्या सांख्यिकी संस्थेत, कोणी खरगपूरला. पूर्वीची मुले मोदकाच्या ओढीने तरी मंडळाकडे येत. आजच्या मुलाला जेवण दारात मिळते आणि करमणूक हातात मिळते, म्हणून तो आपण होऊन येणार नाही. आपणच जावयास हवे. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने तीन लहानशा गोष्टी आम्ही सुचवितो.

पहिली गोष्ट अशी की, दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये नव्याने आलेल्या मराठी मुलामुलींची यादी मंडळाने करावी आणि प्रत्येकास एकेक कुटुंब नेमून द्यावे. वसतिगृहाच्या अर्जात 'स्थानिक पालक' असा एक रकाना असतो. तो पुष्कळदा नावापुरता भरला जातो. आपण तो कामापुरता भरावा. महिन्यातून एक रविवार त्या मुलाने घरी जेवावे, एवढेच पुष्कळ आहे.

दुसरी गोष्ट कठीण आहे. मूल घरी आले की पहिला प्रश्न गुणांचा विचारू नये. "जेवलास का, झोपतोस का, मित्र कोण आहेत" हे आधी विचारावे. त्याच्या उत्तरांपेक्षा त्याच्या न बोलण्याकडे अधिक लक्ष द्यावे. जो नियमितपणे येणारा एकाएकी येईनासा होतो, त्याच्याकडे त्याच आठवड्यात कोणीतरी जाऊन यावे. त्यासाठी पंखा बिघडवावा लागला तरी हरकत नाही! आणि मनाचे दुखणे आपल्या आवाक्याबाहेरचे दिसले, तर संकोच न करता वैद्यकीय साहाय्य घ्यावे. सरकारची 'टेली-मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर अनेक भारतीय भाषांत मिळते. तो क्रमांक मंडळाच्या सूचनाफलकावर कायम लिहिलेला असावा.

तिसरी गोष्ट पैशाची. अडचणीच्या वेळी, म्हणजे घरी कोणी आजारी पडले म्हणून तातडीने जायचे तिकीट, किंवा अडकलेले परीक्षा-शुल्क, यासाठी मंडळाने एक छोटासा निधी बाजूला ठेवावा. तो देताना सभा बोलावू नये, नाव जाहीर करू नये, परतफेडीची तारीख ठरवू नये. या निधीचा प्रारंभ आम्हा जुन्या विद्यार्थ्यांकडून आजच व्हावा असे आम्ही आपसांत ठरविले आहे, आणि ती रक्कम कोषाध्यक्षांच्या स्वाधीन केली आहे.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांला उपदेश करण्याचा आमचा विचार नाही. तो तुम्हांला इतरत्र भरपूर मिळतो. एवढेच सांगतो की, पाणी उतरले तर घरी लपवू नका, आणि घरी सांगवत नसेल तर या मंडळातील कोणाही एका वडीलधाऱ्याला सांगा. भरती आली म्हणजे जमेल तसे या. शेजारच्या खोलीतील मुलगा दोन दिवस जेवायला उतरला नाही, तर त्याचे दार वाजवा. तो कोणत्या प्रांताचा, कोणत्या जातीचा, हे विचारीत बसू नका. मेघनाद साहांच्या पंक्तीला त्या दिवशी तुम्ही बसला असतात, असे पुढे तुमच्याविषयी म्हणता यावे.

पालकांनो, आपली मुले उद्या पुण्यास, बंगळूरला, अमेरिकेस जातील. तेथेही कोठेतरी एखादे मराठी मंडळ असेल, कोठेतरी एखाद्या काकूंचे घर असेल. आपण येथे परक्याच्या मुलासाठी दार उघडले, तर तेथे आपल्या मुलासाठी दार उघडेल, असा हिशेब कोणी मांडून दिलेला नाही. पण आम्हांला ज्यांनी या शहरात दार उघडले, त्यांच्यापैकी बहुतेक आज हयात नाहीत. त्यांचे ऋण त्यांना परत करण्याचा मार्ग उरलेला नाही. ते पुढच्यांना देणे एवढाच मार्ग शिल्लक आहे.

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवास आमच्या अंतःकरणपूर्वक शुभेच्छा.